दुसऱ्या पंगतीचा धूर

नवऱ्याशी माझी पैज लागली ती एका जनरेटरवरून. आमच्या मुलीच्या खिडकीखालचा तो जनरेटर मी हलवून दाखवला तर आपण इथंच राहायचं, नाही जमलं तर त्याच्या कॅनडाच्या अर्जावर मी मुकाट्याने सही करायची. पैज मीच लावली होती. अख्ख्या देशाची बाजू जगापुढे मांडणारे कागद मी लिहिते, मला एक जनरेटर हलवता येणार नाही?

कागद खरंच मी लिहीत होते. हवामानबदलावर देशादेशांच्या वाटाघाटी चालतात, तिथं आपल्या लोकांनी काय बोलायचं याचे मसुदे दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत तयार होत. ते तयार करणाऱ्या टेबलांपैकी एक माझं. परदेशी जायचे ते साहेब, आम्ही नुसते डबे भरून द्यायचो. माझ्या मसुद्यातला एक मुद्दा मात्र वर्षानुवर्षं टिकला होता. धूर देशामागे मोजू नका, माणसामागे मोजा. आणि ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून आपली घरं उबदार केली, त्यांनी आधी हात आखडता घ्यावा. सरकारं पडली, आघाड्या झाल्या नि मोडल्या, मंत्री आले नि गेले, तो मुद्दा कुणी काढला नाही. मला त्याचा केवढा अभिमान! आजही तो मुद्दा चूक आहे असं मला वाटत नाही, आणि तीच तर खरी पंचाईत आहे.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीबाहेर, गाझियाबादच्या हद्दीत नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आलो होतो. नवऱ्याने सरकारी कंपनी सोडून नोएडातली सॉफ्टवेअरची नोकरी धरली होती. बँका घरासाठी कर्ज द्यायला दारात उभ्या होत्या. सगळीकडे असं वातावरण, की आता देश सुटला सुसाट, आपणच मागे राहायचं की काय! बिल्डरच्या चकचकीत पुस्तिकेत हिरवळ होती, तलाव होता आणि 'फुल पॉवर बॅकअप' होता. त्याचा अर्थ आम्हाला पहिल्याच मे महिन्यात कळला. लाईट निम्मा दिवस नसायचे, आणि ते गेले की खाली डिझेलचा जनरेटर धडधडायला लागायचा. लिफ्टवर अवलंबून राहायला नको म्हणून आम्ही पहिला मजला हौसेने मागून घेतला होता. जनरेटरचं धुराडं बरोबर मुलीच्या खिडकीपाशी येऊन संपत होतं.

दुसऱ्या वर्षापासून तिला दम्याचा त्रास सुरू झाला. ती दिल्लीत वाढलेली, घरात मराठी बोलायची, पण शब्द अडला की हिंदीवर जायची. 'धाप' हा शब्द तिच्याकडे नव्हताच. "आई, सांस नहीं आ रही," असं म्हणायची, आणि ते ऐकलं की मी धावत जाऊन खिडकी लावून घ्यायचे. डॉक्टरांनी औषधं दिली, वाफेचं मशीन दिलं आणि वर सांगितलं, "धुएँ से दूर रखिए." जणू आम्ही तिला हौसेने धुराजवळ बसवत होतो!

नवऱ्याचा कॉलेजातला मित्र टोरांटोजवळ स्थायिक झाला होता. नवऱ्याने तिकडचा अर्ज आणून ठेवला. मी भडकले. म्हटलं, "तिथला एकेक माणूस आपल्या कितीतरी पट धूर करतो, माहितीये ना? तिथं गेलो की आपण दुसऱ्या रकान्यात, जास्त धूरवाल्यांच्यात जाऊ."

"जाऊ की," तो म्हणाला. "त्या रकान्यात श्वास तरी घेता येतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी जे लिहितेय ते..."

"ते बरोबरच आहे गं. बिल्कुल बरोबर आहे. पण मला आकाशातला न्याय्य वाटा नकोय. मला ही नीट झोपलेली बघायचीय."

तेव्हा मी ती पैज लावली.

पण हे सगळं होण्याआधीच्या भाद्रपदात मी एक उद्योग करून ठेवला होता, तो आधी सांगायला हवा. सोसायटीत मराठी घरं दहा-बारा. आम्ही पार्टी हॉलमध्ये गणपती बसवायला लागलो, आणि मराठी माणूस कुठंही गेला तरी गणपतीत व्याख्यान ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बाकीच्या सोसायटीला गाणीबजावणी हवी होती. आम्ही ठेवलं व्याख्यान, विषय हवामानबदल, वक्ता मी! नवरा म्हणाला, "लोक मोदकाला येतील, तुला ऐकायला नाही." पण हॉल भरला, आणि मीही चेव येऊन हिंदीत बोलले. आकडे बाजूला ठेवून पंगतीचं उदाहरण दिलं. म्हटलं, समजा लग्नघर आहे. पहिली पंगत बसली, तिने जिलब्यांवर जिलब्या हाणल्या, हात धुतले, विडे खाल्ले. आता दुसरी पंगत बसतेय, तर हेच पोट सुटलेले पाहुणे दारात उभे राहून म्हणतात, कढईत थोडंच उरलंय, सगळ्यांनी अर्धी अर्धी जिलबी खाऊया. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले होते, सगळे त्यांना अंकलजी म्हणत. ते डोळे पुसत पुढे आले आणि म्हणाले, "बेटा, ये बात तो पार्लियामेंट में होनी चाहिए." मी आठवडाभर तरंगत होते.

पैज लागल्यावर मी पहिल्यांदा वरून सुरुवात केली. लाईट नीट आले तर जनरेटर लागणारच नाही, हे तर उघड होतं. निवडणूक जवळ आली होती आणि उमेदवार सोसायटीच्या फाटकाशी येऊन हात जोडत होते. एकाने नव्या सबस्टेशनचं वचन दिलं. दुसऱ्याने त्याच सबस्टेशनचं वचन दिलं, फक्त जास्त मोठ्या आवाजात. मी मनापासून मत दिलं, चार बायकांना गोळा करून द्यायला लावलं. निवडून आलेल्याच्या कचेरीत मग मी खेटे घालू लागले. दर वेळी साहेब दौऱ्यावर. शेवटी त्यांच्या माणसाला माझी दया आली असावी. चहा मागवून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मैडम, आपके यहाँ जनरेटर तो है न? पीछे गाँव में जाकर देखिए, वहाँ खंभा भी नहीं है. पहले उनका नंबर बनता है कि नहीं, आप ही बताइए?"

मी काय बताणार! मला तिथंच ओरडावंसं वाटलं, की त्या गावातही तुम्ही खांब टाकणार नाही आहात. पण त्याने वापरलेले शब्द माझेच होते.

मग राहिली सोसायटी. तिथं वेगळंच शिजत होतं. जुना जनरेटर छोटा, त्यावर पंखे नि दिवे तेवढे चालत. आता घराघरांत एसी आले होते आणि लोकांना जुन्याच्या शेजारी दुसरा, मोठा जनरेटर हवा होता. मी सभेत माझी मागणी मांडायची ठरवली: मोठा आणू नका, आणि आहे तो मागच्या भिंतीकडे न्या. मागच्या भिंतीकडे लोकांच्या नव्या गाड्या उभ्या असत. चार-पाच गाड्यांची जागा जाणार होती, एवढंच.

सभा त्याच पार्टी हॉलमध्ये झाली. मी अगदी शांतपणे बोलले. मुलीच्या छातीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. हवेचं सांगितलं, की पलीकडे दिल्लीत बसेस गॅसवर आल्या, तिकडची हवा जरा बरी होतेय, आणि आपण इथं डिझेल वाढवतोय. लोक ऐकत होते. दोन-तीन बायकांनी मान हलवली. मला वाटलं, जमतंय.

मग अंकलजी उभे राहिले. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. एकदा मुलीला खूप त्रास झाला, नवरा गावाला होता, तेव्हा स्वतःची गाडी काढून त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात नेलं होतं. त्यांची बायको अर्धांगवायूने आठव्या मजल्यावर पडून होती. जूनमध्ये तिच्या पाठीला फोड यायचे, आणि अंकलजी हातात वर्तमानपत्र घेऊन तिला वारा घालत बसायचे. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं.

"मैडम ने जो कहा, बिल्कुल सही कहा," ते म्हणाले. "पर मुझे मैडम की ही बात याद आ रही है, गणपति वाली. जिनके घर पचास साल से बत्ती है, एसी है, वो दिल्ली वाले पहले अपनी बुझाएँ. हमारी तो अभी जली है. बेटा, हम तो दूसरी पंगत वाले हैं."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. गणपतीत पडल्या होत्या तशाच.

मला राग कशाचा आला असेल तर याचा, की त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. त्यांना खरंच वाटत होतं की मी त्यांना एक मोलाची गोष्ट शिकवली, आणि ते ती आदराने मला परत करताहेत. मी म्हटलं, "अंकलजी, वो देशों की बात थी, यहाँ बच्ची है." कुणीतरी मागून म्हणालं, "बच्चे सबके हैं, जी." हात वर झाले. मराठी घरांतलेही झाले. एका वहिनींनी हात वर करताना माझ्याकडे बघून ओशाळं हसून घेतलं. आणि गाड्यांच्या जागेबद्दल सभेत कुणी एक अवाक्षर काढलं नाही. ती जागा जाऊ नये म्हणून निम्मे हात वर होते, हे मला पक्कं ठाऊक आहे, पण माझ्या पंगतीने त्या हातांची छान सोय करून दिली होती.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा केला. आपण जिंकलो असं तो एकदाही म्हणाला नाही, ते मला जास्त झोंबलं. आणि मी सही केली नाही. सरळ शब्द फिरवला. सभेचं कामकाज नीट झालं नाही, पुन्हा सभा बोलवायला लावते, परीक्षा होऊन जाऊ दे, थंडी होऊन जाऊ दे. कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर एवढी विद्या माणसाला येतेच. तो एकदा म्हणाला, "तुमच्यात याला काय म्हणतात? विचाराधीन?" मला इथून जायचं नव्हतं. गेले असते तर इतकी वर्षं लिहिलेलं सगळं खोटं पडलं असतं, असं मला वाटायचं. हे त्याला सांगायचीही मला लाज वाटत होती.

मोठा जनरेटर आला. झेंडूचा हार घातलेला, हातगाडीएवढा नव्हे, चांगला टेम्पोएवढा. अंकलजींनी नारळ वाढवायला मलाच बोलावलं, "आपके हाथ से शुभ होगा." मी कामाचं निमित्त सांगून गेले नाही, तर त्यांनी खोबरं आणि लाडू घरी पाठवून दिले. मुलीने दोन लाडू खाल्ले. खिडकी आम्ही आता कायमची बंद केली होती आणि फटींना कागद चिकटवले होते, तरी पडद्याला काळी किनार धरायचीच.

पुढच्या हिवाळ्यात परदेशातल्या बैठकीची तयारी सुरू झाली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "आकडे तो सब देते हैं. कुछ ज़िंदगी से उठाया हुआ दीजिए." मी बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं. राजधानीबाहेरच्या एका वस्तीत आठव्या मजल्यावर एक आजारी बाई आहे. आयुष्यात पहिल्यांदाच या जूनमध्ये ती गार हवेत झोपली. तिला आपण सांगणार आहोत का, की तुझा वाटा संपला, आता बंद कर? फार चांगलं उतरलं होतं ते. लिहिताना माझेच डोळे भरून आले. पहिल्या मजल्याबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. ती ओळ आपल्या बाजूची नव्हती.

साहेब परत आले ते खुशीत. चॉकलेटचा डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले की, ती आठव्या मजल्याची गोष्ट सांगितल्यावर सभागृहात टाळ्या पडल्या, नंतर लोक येऊन हात मिळवून गेले. मी तो डबा छातीशी धरून घरी आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

संध्याकाळची वेळ, लाईट गेलेले, खाली दोन्ही जनरेटर चालू. मुलगी तोंडावर मास्क लावून वाफ घेत बसली होती आणि नवरा मशीनची नळी धरून तिच्याशेजारी होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाळ्यांचंसुद्धा.

"वा!" तो म्हणाला. "म्हणजे आपला जनरेटर परदेशी जाऊन आला."

मला हसू आलं. तोही हसला. मग नळी दुसऱ्या हातात घेत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "आणि पहिल्या मजल्याचं काय लिहिलंस?"

मी मुलीकडे बघितलं. तिने मास्कच्या आतून डोळ्यांनीच चॉकलेटचा डबा मागितला. मी तो तिच्या मांडीवर ठेवला.

"काही नाही," मी म्हटलं.

अर्ज कुठं शोधायला लागणार नव्हता. इतके महिने तो फ्रिजवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता, आणि त्याच्यावरची धूळ काळी होती. मी तो पदराने पुसला आणि पेन मागितलं.