ळ ची कळ

कौशल्या तायडेचा उजवा गुडघा सुजायला लागला तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी आधी तेल सांगितलं, मग रुईची पानं सांगितली, आणि शेवटी सगळा दोष शिलाई मशीनला दिला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणाले, "पायानं मशीन मारणं बंद करा, नाहीतर गुडघाच बंद पडेल."

मशीन बंद म्हणजे मिळकत बंद. नवरा श्रावण मूर्तिजापूरला रेल्वेत होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्याच्या पगारात घर उभं राहायचं, पण चालायचं ते कौशल्याच्या शिलाईवर.

"पायाचं गेलं त हाताचं पाह्य," सासू सुंदराबाई म्हणाली. "ते टकटक शिकली ना तू? का सर्टिफिकीट नुसतं खिळ्याले टांगाले आनलं?"

टोमणा होता, पण खरा होता. दोन वर्षांपूर्वी राजापेठेतल्या क्लासमध्ये कौशल्या मराठी टाइपिंग शिकली होती, परीक्षाही पास झाली होती. तेव्हा लोक हसले. मराठी टाइपिंग करून काय करशील, कचेरीत सारी इंग्रजी, असं म्हणाले. आता सहासष्ट साल उजाडलं आणि कचेरीतले कागद भराभर मराठीत यायला लागले. वकिलांचे जुने टाइपिस्ट इंग्रजीवर हात बसलेले. त्यांना मराठी म्हटलं की घाम फुटायचा.

मोहल्ल्याच्या तोंडाशी पंजाबराव वकील राहायचे. त्यांच्याकडे जमीन कसणाऱ्यांचे, म्हणजे कुळांचे दावे असायचे. कौशल्या त्यांना भेटली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"टाइपरायटर हाय तुमच्यापाशी?"

"घेऊन राहिली, भाऊ."

"मंग घ्या आन् या. काम कुयाचंच हाय सारं, भरपूर हाय. पन सोमवारी पाहिजे. मंगयवारी मी दुसऱ्याले देऊन टाकीन." त्यांनी एका जुन्या अर्जाची नक्कल तिच्या हातात दिली. "असे अर्ज असतेत. पाहून ठेवा."

टाइपरायटर विकत घ्यायची ऐपत नव्हती. पण राजापेठेत भगवंतरावांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईला, शिलाई मशीन हवी होती. अदलाबदल ठरली. मशीन द्यायची, दुकानात असलेल्या टाइपरायटरांपैकी एक न्यायचा. एकदा दिलेली मशीन परत मिळणार नव्हती. तिकडे गुडघा गेला होता, इकडे टाइपरायटर चुकला तर दोन्ही हात रिकामे. म्हणून निवडायचं ते नीट निवडायचं, एवढं कौशल्याला पक्कं कळत होतं.

आणि एवढं कळत असूनच ती चुकली.

क्लासच्या मास्तरांनी तिला बजावलं होतं, "दुकानात रिकाम्या हातानं जाऊ नका. आपल्याला रोज करायचं ते काम घेऊन जा, आणि तेच टाइप करून पाहा. रंग पाहून बैल घेऊ नये." श्रावणनंही पत्रातून कळवलं होतं, हलका घे, उद्या बदली झाली तर वाहून नेता आला पाहिजे. कौशल्यानं श्रावणचं ध्यानात ठेवलं आणि मास्तरांचं विसरली. वकिलांचा अर्ज घरी पेटीवरच राहिला.

दुकानात तीन टाइपरायटर होते. एक इंग्रजी, त्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा काळा, रुंद, रंगाचे पापुद्रे निघालेला. ओळ संपत आली की वाजायची ती घंटी मुकी झालेली. आणि तिसरा फिकट हिरवा. पेटीसकट, हलका, कळा अशा चकचकीत की तोंड दिसावं.

"जबलपुराकडच्या कचेरीतला हाय," भगवंतराव म्हणाले. "आपन एका राज्यात होतो तवाचा. साहेबाच्या टेबलावरचा. हात लावून त पाहा."

कौशल्यानं हात लावला. क्लासमधला पहिला धडा भराभर उमटला. मग तिनं आपलं नाव टाइप केलं, कौशल्या श्रावण तायडे. अक्षरं सरळ, काळीभोर, एकही मात्रा घसरलेली नाही. तिला इतका आनंद झाला की तिनं तेच नाव पुन्हा एकदा टाइप केलं.

"हाच घेते, भाऊ. शनिवारी मशीन घेऊन येते."

शनिवारी सकाळी टांगा दारात आला तेव्हा सुंदराबाई नवं लुगडं नेसून तयार होती.

"तुमी कशाले येता, आत्याबाई? उन्हाचं?"

"मशीन माही हाय. पोरगी सासरी धाडतो त वेशीपावतर जातो का नाई?"

मशीन खरंच तिची होती. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जायचं ठरलं तेव्हा सुंदराबाईनं आठ दिवस त्याच मशीनवर साऱ्या मोहल्ल्याचे पांढरे सदरे आणि पोलकी शिवली होती. नंतर सून आल्यावर तिनं मशीन सुनेच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः बाजूला बसून काजं करायला लागली. आता टांग्यात ती राजापेठ येईपर्यंत मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली.

दुकानासमोर टांगा थांबला. भगवंतराव पुढे झाले. घर दुकानाच्या मागेच होतं. सुभद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि थेट मशीनकडे गेली.

"उतरवा," भगवंतराव टांगेवाल्याला म्हणाले.

"थांब, बापा," सुंदराबाई म्हणाली. "माही मशीन घेऊन राहिले तुमी, त त्या बदल्यात काय भेटून राहिलं ते पाहू द्या मले. कौशल्ये, चालवून दाखव व. माह्या माहेराचं नाव काढ. बाभुयगाव."

कौशल्या हसली, हिरव्या टाइपरायटरसमोर बसली आणि कानावर पडलं तसं बोटांनी उमटवलं. कागद ओढून तिनं वाचला. बाभुयगाव.

आता वऱ्हाडात हे असंच आहे. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो, आणि बाभूळगावचं बाभुयगाव. बोलण्यात काही अडत नाही, कुणी कुणाला टोकत नाही. पण लिहिताना शाळेतला ळ लिहावा लागतो. बोलते तसं टाइप केलं म्हणून कौशल्या स्वतःशीच हसली, आणि तिनं खाली पुन्हा सुरुवात केली. बा, भू, आणि ळ. क्लासमध्ये ळ जिथं असायचा तिथं बोट आपोआप गेलं. कागदावर भलतंच काहीतरी चिन्ह उमटलं.

तिनं कळांवर डोळे फिरवले. एक ओळ. दुसरी. वरच्या अक्षरांसाठी दाबायची कळ दाबून पुन्हा सगळ्या ओळी.

"भाऊ, यात ळ नाही."

"कोनता?"

"ळ. हा हिंदीचा टाइपरायटर आहे."

भगवंतरावांनी वाकून पाहिलं. ते स्वतः कधी टाइप करत नव्हते. त्यांना सगळ्या कळा सारख्याच. "असंन कुठीतरी. नसंन त नसंन. आपन कुठी म्हनतो ळ? ल दाबा. वाचनारा समजून घेते."

कौशल्याला पेटीवरचा तो अर्ज आठवला. अर्जाच्या ओळीओळीत कूळ होतं. कूळ म्हणून नोंद व्हावी. मूळ मालकाने कुळास. काळी जमीन.

"अन् मूळ मालकाचा मूल मालक झाला म्हणजे?"

सुंदराबाईला हे लगेच समजलं. "बाप्पा! लेकरू मालक? मंग ते बालिग होईपावतर दावा थांबून राह्यते का?"

टांगेवाला खो खो हसला. भगवंतराव मात्र हसले नाहीत.

"हे पाहा बाई, हिरवा तुमीच पसंत केला. मी काही गयात बांधला नाई. सौदा झाला तो झाला."

हे खरं होतं. टांग्यात मशीन, सोमवारी काम, आणि समोर हा देखणा हिरवा टाइपरायटर, ज्याच्यावर तिला तिचं सगळं लिहिता येत होतं, फक्त कूळ लिहिता येत नव्हतं. मास्तर काय म्हणाले होते ते आता शब्दन् शब्द आठवत होतं.

"तो काळा एकदा पाहू द्या," ती म्हणाली.

"तो? तो कोनी फुकट नेत नाई."

"मंग द्या ना पाहू," सुभद्राबाई इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलली. तिचा हात मशीनच्या चाकावरून हलला नव्हता. पलीकडे सुंदराबाईचाही हलला नव्हता. "अवो, तो काया तुमी दोन सालापासून झाडून झाडून ठेवून राहिले. हिरवा उद्या कोनी हिंदीवाला मास्तर घेऊन जाईन. मशीन परत गेली त मले दुसरी कवा आनसान?"

भगवंतरावांनी फडका काढला आणि काळा टाइपरायटर पुसून पुढ्यात ठेवला.

या वेळी कौशल्यानं पहिला धडा काढला नाही, आपलं नावही काढलं नाही. तिनं आठवून आठवून वकिलांचा अर्ज काढला. कळा जड होत्या, पण बोट जिथं जाईल तिथं अक्षर होतं. कूळ. मूळ. काळी. मळा. रुंद रोलरमध्ये तिनं कागद आडवा घालून पाहिला; जमिनीचे तक्ते असेच आडवे असायचे, आणि हिरव्यात आडवा कागद मावला नसता. हेही तिच्या तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. ओळ संपली, पण घंटी वाजली नाही.

"घंटी मुकी हाय, आधीच सांगतो," भगवंतराव म्हणाले. "मागून म्हनसान सांगतलं नाई."

"मुकी हाय तेच बरं," सुंदराबाई म्हणाली. "मी दुपारी निजतो."

कौशल्याला हसू फुटलं. तिनं कागद काढून सासूच्या हातात दिला. सर्वांत खाली एकटंच लिहिलं होतं, बाभूळगाव.

सुंदराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद डोळ्यांपासून लांब धरला. "यातला तो कोनता? ज्याच्यासाठी येवढा तमाशा?"

कौशल्यानं बोट ठेवलं.

"हा? हा त चष्म्यावानी दिसते." तिनं कागदाची घडी करून पोलक्यात सरकवली. मग सुभद्राबाईकडे वळली. "वैनी, आठ दिवसाले तेल द्या. चाक उलटं फिरवू नोका, दोरा तुटते. आन् पांढरं कापड शिवान त सुई नवी लावा." एवढं बोलून तिनं चाकावरचा हात उचलला.

परत जाताना टाइपरायटर टांग्याच्या बैठकीवर होता आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना. सुंदराबाई घरापर्यंत बोलत होती. श्रावण विचारेल हलका का नाही घेतला, तर काय सांगायचं, हे तिनंच ठरवून टाकलं. सांगायचं, बदली झाली तर तू उचल.

सोमवारी सकाळी मिळालेला पहिला अर्ज टाइप करून कौशल्या दुपारी वकिलांकडे गेली. पंजाबरावांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कौशल्या उभ्या उभ्या कागदाकडे पाहत होती. प्रत्येक कूळ जिथल्या तिथं होतं, स्वच्छ, काळं, जरासं जाड.

"अर्जदार हा सदर कायी जमिनीचं कूय असून," पंजाबराव वाचत होते, "मूय मालकानं..."

पान संपलं. त्यांनी चष्मा काढला.

"एक चूक नाई, बाई. उद्या चार अर्ज घेऊन जा."

"हो, भाऊ," कौशल्या म्हणाली, आणि पायरी उतरताना आज गुडघा दुखला नाही, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.