तोंडं बाहेर असलेली थप्पी

ती घटना मला आजही हरभरा निवडायला बसले की आठवते. ताटात हात घातला की आधी रंग बघते, मग खडा. सून हसते, म्हणते, "आई, दुकानातलाच आहे हो." असू दे. बघितल्याशिवाय माझ्या घरात हरभरा भिजत पडत नाही.

मी मूळची हदगावकडची. दहावी होऊन शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. तेव्हा लातूरच्या एका ठाण्यात होते आणि निवृत्तीला वर्ष उरलं होतं. दसरा होऊन गेलेला, रब्बीच्या पेरण्या तोंडावर आलेल्या.

सोमवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एक बाई आत आली. पस्तिशीची असेल. अंगावर कंपनीचं निळं जाकीट, केसांत भुसा. एका बियाण्याच्या गोदामात ती वितरण पर्यवेक्षक होती. कोणत्या तालुक्याला कोणतं बियाणं, कोणत्या गाडीत आणि किती जाणार, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. ठाणे अंमलदारानं बसा म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, थप्पी पोकळ निघाली."

"म्हणजे काय झालं? सावकाश सांग."

"हमाल औशाची गाडी भरून राहिले होते. वरच्या पिशव्या उचलल्या आन् मधला भाग धसकन खाली बसला. बाहेरून नुसती भिंत, आत काहीच न्हाई. हरभऱ्याच्या शंभरावर पिशव्या गेल्यात."

मी कागद पुढं ओढला. म्हटलं, फिर्याद लिहून घेऊ. तिनं हात आडवा धरला.

"लिहा, पण आधी ऐका. त्या हरभऱ्याला बुरशीचं औषध लावलेलं हाय. गुलाबी दिसतो. पेरायचं बी हाय ते, खायचं न्हाई. कुणी धुऊन त्याची डाळ केली तर ओळखू येणार न्हाई कुणाला. लोक खातील ना मॅडम!"

"गोदामाची चावी कुणाकडं असते?"

"एक माझ्याकडं. दुसरी नांदेडच्या कार्यालयात."

"मग पहिला संशय तुझ्यावर येतो, कळतंय ना?"

"कळतंय. मला आत टाका. पण आधी माल शोधा."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला आत टाका म्हणणारे पुष्कळ बघितले. बहुतेक पिऊन आलेले असतात. ही शुद्धीत होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गोदामात गेले. पंचनामा केला, थप्पीचे चारही बाजूंनी फोटो काढले. कुलूप तोडलेलं नव्हतं. फाटकावरचा कॅमेरा महिन्यापासून बंद. रखवालदाराला विचारलं, "रविवारी सुट्टीत कुणी अनोळखी माणूस आला होता का?" तो म्हणाला, "न्हाई मॅडम, कुणीच न्हाई."

दुपारी नांदेडहून कंपनीचे तपासनीस आले. दर पंधरा दिवसांनी गोदामातला माल मोजून जायचं, हे त्यांचं काम. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. माझ्यासाठी खुर्चीसुद्धा त्यांनीच पुसली. म्हणाले, "मॅडम, पोकळ थप्पी ही हमालांची जुनी युक्ती आहे. मुकादमाला बसवा, बोलेल. आणि चावी बाईंकडंच असते, ते तुम्ही बघालच."

आता लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मला ते पटलं. हमालांच्या मुकादमाला मी ठाण्यात आणून बसवलं.

साठीचा माणूस. पोती वाहून खांद्याला घट्टा पडलेला. मी विचारलं, "रविवारी कुठं होता?"

"घरी."

"कुणी बघितलं?"

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. दोन तास मी वेगवेगळ्या वाटेनं तोच प्रश्न विचारला. चहा दिला, घेतला नाही. चौकशीत गप्प बसणारा माणूस दोन कारणांनी गप्प असतो, लपवायचं असतं म्हणून किंवा दुखावलेला असतो म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि माझी तिथंच चूक झाली.

दिवस कलायच्या आत पर्यवेक्षक बाई डबा घेऊन आली. थेट मुकादमाशेजारी बाकड्यावर बसली.

"मामा, भाकर खाऊन घ्या. राग आला का?"

"राग कशाचा लेकी. चाळीस वर्षं पोती वाहिली, आन् आज चोराच्या बाकड्यावर बसून राहिलो."

"तुमच्या बाजूलाच मीबी बसले की. उद्या मलाबी आणतील." मग ती माझ्याकडं वळली. "मॅडम, ते फोटो द्या जरा. मामा, हे बघा. आपली थप्पी कधी अशी खचली का? वर शाळा भरवली तरी हलत न्हाई आपली थप्पी."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, लावला. पुढच्या बाजूचा फोटो बघून मान हलवली. मागच्या बाजूचा फोटो मात्र त्यानं उजेडाकडं धरला.

"ही आपली न्हाई."

"काय म्हणालात?" मी खुर्चीतून उठले.

"पुढची बाजू आमची हाय. मागची दुसऱ्या कुणीतरी रचली. तोंडं बघा ना पिशव्यांची, सगळी बाहेर. आमी तोंड कायम आत ठेवतो. शिवण बाहेर आली की येता-जाता पोती ओढायचा आकडा लागतो, उसवते, माल सांडतो. नवा गडी आला तर पहिल्या दिवशी हेच शिकवतो त्याला."

"मग इतका वेळ हे सांगितलं का नाही?"

"इचारलं का तुमी?" तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "कुठं होता, कुणी बघितलं, एवढंच इचारलं. थप्पी कशी लावतात, हे इचारलं का कुणी?"

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

मी हळू आवाजात विचारलं, "तोंड बाहेर कुणाला लागतं?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाई म्हणाली, "बियाण्याचा टॅग तोंडाच्या शिवणीतच शिवलेला असतो, मॅडम. तोंड आत असलं की टॅग दिसत न्हाई. तपासनीस साहेब दर खेपेला भांडतात आमच्याशी. तोंडं बाहेर ठेवा म्हणतात, वाचता येत न्हाई म्हणतात."

मी तडक रखवालदाराला गाठलं. "रविवारी तपासनीस साहेब आले होते का?"

"हाव, आले होते की. टेम्पो घेऊन. परतीचा माल न्यायचा म्हणले, सोबत दोन माणसं होती."

"अरे, मग सकाळी कुणी आलं नाही असं का सांगितलं?"

"तुमी अनोळखी इचारलं, मॅडम. साहेब अनोळखी हायेत का?"

मुकादमाला तेव्हाच घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसांना ठाण्यात बोलावलं. मी आवाज चढवला नाही. खुर्ची पुसून दिली, त्यांनी दिली होती तशीच. म्हटलं, "साहेब, मला तुमचं काम समजावून सांगा. थप्पी तपासताना तुम्ही काय बघता?"

ते खुलले. टॅग, लॉट, लांबी-रुंदी, सगळं सांगितलं.

"आणि तोंड आत असलं तर?"

"मग हमालांना पिशवी ओढायला सांगावी लागते. लई कटकट. माझ्या हातात असतं तर एक तोंड आत ठेवू दिलं नसतं."

मी मागच्या बाजूचा फोटो टेबलावर ठेवला. शेजारी रखवालदाराचा जबाब ठेवला. साहेबांनी फोटो बघितला, मग जबाब, मग परत फोटो. मधासारखं बोलणं आटलं. पिशव्या रचणारी माणसं टेम्पोतली होती, पण उभं राहून रचून घेतलं होतं यांनी, आणि तोंडं बाहेर ठेवायची यांची सवय कामाला लागली होती.

"माल कुठं आहे?" मी विचारलं. "उशीर झाला आणि कुणी ते खाल्लं, तर चोरीवर भागणार नाही."

शेवटी त्यांनी पत्ता सांगितला. नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडं एक छोटी डाळमिल होती. पर्यवेक्षक बाईला ओळख पटवायला सोबत घेतलं आणि आम्ही जीप पळवली. अंगणात ताडपत्र्यांवर धुतलेला हरभरा वाळत पडला होता. नालीतून गुलाबी पाणी वाहत होतं. भरडायला संध्याकाळी सुरुवात होणार होती. मी मुद्देमाल ताब्यात घ्यायला वळले, तर बाई तिथं काम करणाऱ्या चार बायांकडं धावली. त्यांचे तळवे मेंदी लावल्यासारखे झाले होते.

"आधी हात धुवा गं. साबणानं धुवा. हे औषध हाय!"

त्यातली एक धुता धुता थांबली. "अगं बाई, मी पाटीभर घरी नेला की. आज उसळीला भिजत घातलाय. रंग सुटला म्हणून दोनदा धुतला."

मुद्देमालाला शिपाई उभा केला आणि आम्ही तिघी त्या बाईच्या घराकडं पळालो. हो, या वयात मीसुद्धा पळाले. ओट्यावर पातेलं होतं, त्यावर ताट झाकलेलं. तिची सासू शेगडी पेटवायच्या तयारीत होती. पर्यवेक्षक बाईनं ताट काढलं, पाण्याकडं बघितलं आणि पातेलं उचलून बाहेर आणलं. तेव्हा कुठं ती खाली बसली. उंबऱ्यातच. पातेलं मांडीवर धरून रडली.

पुढचं कोर्टानं बघितलं. पण माझं एक काम राहिलं होतं. दोन दिवसांनी मी गोदामात गेले आणि सगळ्या हमालांसमोर म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

मुकादमानं जमिनीवरच्या पिशवीकडं बोट केलं. "चुकलं तर या, एक लावून दाखवा."

त्यानंतरच्या वर्षभरात मी एक नेम पाळला. कुणालाही ठाण्यात बसवलं तर कुठं होता हे विचारायच्या आधी विचारायचं, तुझं काम काय आणि ते कसं करतोस. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की खरं काय ते आपोआप पुढं येतं. खोटं बोलणाऱ्याचंही येतं. माझ्या हाताखालच्या नव्या फौजदारांनाही मी हेच सांगून आले.

पण त्या दिवशी एवढं शहाणपण कुठलं. पदर खोचल्यासारखा पट्टा आवळला, पिशवी उचलली आणि थप्पीवर ठेवली.

"फौजदारीणबाई," मुकादम म्हणाला, "तोंड!"

सगळे हमाल खो खो हसले. पर्यवेक्षक बाई तर वहीत तोंड घालून हसत होती. मी पिशवी परत उचलली, फिरवली आणि तोंड आत करून ठेवली.