आईचं कपाट वाळत घातलं तेव्हा

बाबा गेल्यावर आई साताऱ्यात एकटी राहत होती, ते मला मुळीच पटत नव्हतं. तिला जयपूरला माझ्याकडे कायमचं आणायचं तर काहीतरी आमिष हवं, म्हणून इथल्याच झोटवाड्याच्या सुताराकडून तिच्या खोलीत भिंतभर कपाट करून घेतलं. आई आली, कौतुकाने कपाट उघडलं आणि जी खोकायला लागली ती थांबेचना.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्लायवुडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे पोरांना दरवर्षी घसा फोडून सांगते. घरी मात्र मे महिना, एसीसाठी खिडक्या गच्च बंद, आणि हवा शुद्ध करायचं यंत्र आणून मी त्याच्या हिरव्या दिव्यावर खूश!

"बघ आई, हवा एकदम स्वच्छ."

"मग मी काय नाटक करतेय?" आई खोकत म्हणाली.

तिचंच खरं होतं. ते स्वस्तातलं यंत्र नुसती धूळ मोजायचं. गोंदाचा वायू त्याच्या गावीही नव्हता. माहितीपत्रक न वाचता खरेदी करणारी रसायनाची बाई म्हणजे मीच!

चौथ्या दिवशी आईने माझ्या भावाला फोन करून रविवारचं परतीचं तिकीट काढायला लावलं. असा संताप आला मला! सुतारावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. सुताराला झापलं, तर तो म्हणाला, "मॅडमजी, महक अपने आप उड़ जाएगी."

"कशाने उडते गं?" आईने विचारलं.

"उष्णतेने. मोकळ्या वाऱ्याने."

"मग इथे ऊन काय विकत आणायचंय? घाल की गच्चीवर वाळत!"

सुताराने येऊन कपाट सुटं केलं. दारं, फळ्या, खण, सगळं गच्चीवर मांडलं. खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या; धूळ आली, पण खोकला थांबला. आई सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन गच्चीवर. माकडं हाकलायची, फळ्या उलटायची, आणि "अजून कच्चं आहे" म्हणून खाली यायची.

शनिवारी भावाचा फोन आला. मी जीव मुठीत धरून शेजारी उभी.

"रद्द कर ते तिकीट," आई म्हणाली. "वाळवण अर्धवट टाकून कुणी जातं का?"

तिने फोन ठेवला. मला राहवलं नाही. "आणि वाळल्यावर गं?"

"वाळल्यावर त्यात माझ्या साड्या कोण लावणार? तुझा नवरा?"