लाल मूठ, टोरीचं तेल आणि आमचे मामाजी

गोंदियाजवळच्या एका धावपट्टीवर स्कायडायव्हिंगचं शिबिर आहे असं कळलं आणि मी नाव नोंदवून मोकळी झाले. सासर तिरोड्याजवळच्या गावात, त्यामुळे राहण्याची सोय फुकट. स्वतःचं पॅराशूट नुकतंच घेतलं होतं आणि त्याची पहिली उडी मला सासऱ्यांसमोर, म्हणजे आमच्या मामाजींसमोर मारायची होती. नवऱ्याने रजा नसल्याचं सांगून अंग काढून घेतलं.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट चहा-समोशाच्या भावात पडतं आणि तुमसर गेलं की खिडकीबाहेर धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेले ढीग, दिसायला लागतात. हिवाळ्यात येणार असाल तर स्वेटर आणाच. तिरोड्याहून पुढे शेअर ऑटो मिळतो, फक्त तो भरेपर्यंत ड्रायव्हर जागचा हलत नाही.

घरी पोचल्यावर मी ओसरीत सामान उघडलं. मामाजींनी लाल मुठीवर बोट ठेवलं. "हे कायले?"

मी समजावलं. मोठी छत्री वर गुंतली तर ही मूठ ओढायची. तिच्या केबली निसटतात, खांद्यावरच्या कड्या सुटतात, गुंतलेली छत्री निघून जाते आणि मग राखीव छत्री उघडता येते.

"अन् मूठ निघाली नाही तं?"

"मग अवघड आहे, मामाजी."

दर महिन्याच्या देखभालीप्रमाणे मी कड्यांजवळचे पट्टे वाकवून मऊ केले आणि केबली बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसल्या. तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. केबली ज्यातून जातात त्या नळ्या तशाच उघड्या टाकून मी गरम भाकर आणि लाखोरीची भाजी खायला आत पळाले. लाखोरीची भाजी थांबत नाही. जेवून आल्यावर सगळं पुन्हा जोडलं.

दुसऱ्या दिवशी मामाजी लग्नाचा कोट घालून धावपट्टीवर हजर. तिथल्या रिगर मॅडम, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या बाई, प्रत्येकाची मूठ जमिनीवरच ओढून पाहत होत्या. माझी जेमतेम हलली आणि रुतून बसली. त्यांनी जोर लावला तर मूठ जागेवरच, मी मात्र दोन पावलं पुढे. मग त्यांनी ताकद लावून केबल बाहेर खेचली. तिच्यावर पिवळट थर होता.

वास मी लगेच ओळखला. टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल. आमच्या घरात ते बिजागरीपासून टाचांच्या भेगांपर्यंत सगळीकडे लागतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, म्हणून रोज सकाळी बाटली उन्हात ठेवतात. हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"ये किसने डाला?" मॅडमनी विचारलं.

"मी टाकलो," मागून मामाजी म्हणाले. "सायकलच्या ब्रेकमंदी टाकतो तसा. सटकन निघाली पाहिजे म्हणून." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

मॅडमनी आम्हा दोघांना फैलावर घेतलं. पुसून भागणार नाही. नळ्या, केबली, पट्टे नवे बसवायचे आणि सगळं पुन्हा तपासायचं. तोवर उडी नाही. मामाजी मान खाली घालून ऐकत होते. वाचकहो, पॅराशूटची देखभाल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच करा, शंका आली तर रिगरला विचारा, आणि तुमच्यावर माया करणाऱ्या माणसाच्या ओसरीत सामान उघडं टाकून जेवायला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी शिबिराचं भाड्याचं पॅराशूट घेतलं. मॅडमनी त्याची मूठ दोनदा ओढून दाखवल्याशिवाय मामाजींनी मला विमानाकडे जाऊ दिलं नाही. वरून कापलेल्या धानाच्या चौकोनी बांध्या आणि दूरवर वीजकेंद्राचा धूर दिसला. मामाजींनी यातलं काहीच पाहिलं नाही. मी उतरेपर्यंत ते आभाळाकडे पाठ करून बसले होते आणि "उतरली का?" म्हणून प्रत्येकाला विचारत होते, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

आता नागपुरात माझ्या पॅराशूटला सगळे भाग नवे बसलेत. परवा सासूबाईंचा फोन आला. गावात चर्चा अशी, की सुनेने पॅराशूटमध्ये तेल घातलं होतं आणि मामाजींनी ते वेळेवर पकडलं. मी खरं काय ते सांगणार, तोच फोन मामाजींनी घेतला.

"ह्या महिन्यात मूठ साफ केलीस का? तेल नको टाकजो."

"नाही टाकत, मामाजी," मी म्हटलं.