आक्काच्या हंड्याची घंटा

घंटेवर लाकडी हातोडी मारली. आवाज आला तो धान्याने भरलेल्या डब्यावर थाप मारल्यासारखा. मला वाटलं, टेबलावर ठेवल्यामुळे असेल. साखळीला टांगून पुन्हा मारली. तसाच.

मी कुपवाडला एका लहान फाउंड्रीत मेल्टिंग बघतो. तांबं, जस्त, कथील असले धातू भट्टीत वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. एरवी आमच्याकडे पंपाचे बुश निघतात. घंटा हे आमचं काम नव्हे. ही घरची होती.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती. माझी आई मी लहान असतानाच गेली. म्हसवडजवळच्या आमच्या वाडीवर मला आक्कानेच वाढवलं. शेरडं-मेंढरं तिने राखली आणि मला शिकायला सांगलीला धाडलं. शेवटचा महिनाभर ती अंथरुणावर होती. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ दादा, फोन करायचा. "येऊन जा गड्या, आई तुझं नाव घेती." मी म्हणायचो, "एवढी हीट झाली की निघतो." भट्टीत एकदा धातू वितळवून ओतणं, याला आम्ही हीट म्हणतो. एक झाली की दुसरी असतेच. मी मातीला पोचलो. तिच्याजवळ पोचलो नाही.

वर्षश्राद्धाला वाडीतल्या बिरोबाच्या देवळात तिच्या नावाची घंटा बांधायची, असं दादाने ठरवलं. तिचा पितळी हंडा पोत्यात घालून तो एसटीने कुपवाडला आला. हंडा मी ओळखत होतो. एका बाजूला एडक्याने ढुशी दिल्याचा पोचा होता. आणि जागोजागी डाग दिलेले होते. आक्काने नवा हंडा कधी घेतला नाही. फुटला की डागून आणायची.

घोटाळा त्या डागांत होता. डाग देतात तो शिसं-कथलाचा. घंटेच्या धातूत शिसं गेलं की ते आवाज खातं. माल दिसायला ठीक दिसतो, पण वाजत नाही. हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे. डाग कापून टाकले असते, तर निम्मा हंडा बाजूला पडला असता. दादा तर म्हणाला होता, "एक तुकडा बी म्हागारी ठिवू नगं." मी 'बरं' म्हटलं आणि हंडा तसाच मुशीत घातला. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. त्यातून हंडा परत येत नाही.

घंटा टांगून वाजवली तेव्हा आमचे मालक अण्णा बाजूलाच उभे होते.

"आणि एकदा मार बघू." मी मारली. "भोपळा झालाय की रं."

"शिसं आहे अण्णा."

"मग दुसरी ओत. काशाची. चांगलं भंगार आण, दणदणीत वाजंल. ही टाक तिकडं कोपऱ्यात. आत काय हाय ते बघायला कोण येतंय?"

अण्णा वाईट माणूस नव्हे. वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांनी सोपी वाट सांगितली. मलाही ती क्षणभर पटली. मग वाटलं, जिवंतपणी तिला थापा मारल्या, आता तिच्या नावानेही मारणार. मी दादाला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेटवर हजर. त्याने घंटा वाजवून बघितली.

"हंडा इकलास का काय, मर्दा?"

"त्यातच आहे सगळा. डागातल्या शिशाने आवाज गेला."

"हे तुला आदी ठावं न्हवतं?"

"होतं."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

"तुला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आक्काला बघायला आलो नाही ना."

दादाने घंटा खाली ठेवली. मग पायरीवर बसला. "आई रुसली न्हवती. त्याला काम आसंल, म्हणायची. रुसलो व्हतो मी. आजून हाय."

"बरोबर आहे."

"बरोबर हाय म्हणून काय घंटा वाजती व्हय? गाव हसंल की."

तो उठला आणि घंटेतला लोलक हातात घेऊन हलवायला लागला. लोलक म्हणजे आतून लोंबणारा ठोका. आपल्याकडे देवळात माणूस तोच धरून घंटा वाजवतो. "ह्यो बी हंड्याचा?"

"नाही. ते लोखंड आहे."

बोललो आणि माझ्या ध्यानात आलं. वाजायचं काम घंटेचं. लोलकाने फक्त आपटायचं. त्यात शिसं असलं तरी बिघडत नाही. शिवाय कांसं काचेसारखं तडकतं. त्याला लोखंडी ठोक्यापेक्षा मऊ पितळी ठोका चांगला. मी दादाला म्हणालो, "घंटा काशाची करू. लोलक हंड्याचा. जो देवळात येईल त्याच्या हाताला आक्का लागेल."

दादाने थोडा विचार केला. "ह्या बारीला वाजंल?"

"नाही वाजली तर मी स्वतः येऊन गावाला सांगेन, चूक माझी म्हणून."

मुकी घंटा फोडून पुन्हा मुशीत घातली. जस्ताचा पांढरा धूर उठला. दादा तोंडाला पटका लावून शेवटपर्यंत उभा राहिला. लोलक आणि वरची कडी हंड्याच्या पितळेची ओतली. घंटेला कांसं मी आणलं आणि त्यातला प्रत्येक तुकडा वाजवून घेतला. ओतल्यावर साचा लगेच उघडला नाही. गरम घंटेला वारा लागला तर तडा जातो. रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी साचा फोडला, घंटा घासली, टांगली. दादाने लोलक हलवला. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज बराच वेळ फिरत राहिला. अण्णा ऑफिसमधून बाहेर आले, ऐकलं आणि आत गेले.

लोलक-कडी होऊन बरंच पितळ उरलं. त्याचा गोळा दादाने पोत्यात घालून परत नेला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो गोळा आता त्याच्या घरी दाराला लावलेला असतो.

वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवशीच गेलो. भट्टी दुसऱ्याने सांभाळली, काही अडलं नाही. घंटा बांधून झाल्यावर एका म्हाताऱ्याने दादाला विचारलं, "हंड्याचीच केली न्हवं घंटा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला. "न्हाई आबा. घंटा दुसऱ्या धातूची हाय. वाजवती ती आई."

तेव्हापासून घरचं कुणी भांडं घेऊन आलं, तर मी ते आधी उलटं करून डाग बघतो आणि नाही म्हणायचं असेल तर चहाच्या आधीच म्हणतो. पाहुणे नाराज होतात. पण भांडं त्यांच्या हातात असतं, तोवर नाराजी परवडते.