आधीच भरलेली जागा

फळमाश्यांवर सहा वर्षं डोळे फोडून तिनं पीएचडी मिळवली, म्हणून धाकट्या भावानं तिचं नाव माशीताई पाडलं. त्याचा तिला राग नव्हता. राग होता तो जाहिरातींचा. पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-जागांसाठी तिनं एकोणचाळीस अर्ज केले होते. तीस ठिकाणांहून साधी पोचही आली नाही. बाकीच्यांनी 'आपल्या कामाबद्दल आदर वाटतो' असं कळवलं.

"एवढा आदर वाटतो, तर आत का घेत नाहीत मेले?" आई विचारायची.

चाळिसाव्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं आलं. जाहिरातीत अट होती : अमुकच बनावटीच्या मायक्रोस्कोपची सवय हवी आणि त्याच संस्थेत काम केलेलं असल्यास प्राधान्य.

"ही काय जाहिरात आहे? कुणाचं तरी माप घेऊन शिवलेला शर्ट आहे," ती म्हणाली. तरी गेली.

संस्थेच्या बोळात, घरघरणाऱ्या फ्रीजरशेजारी सहाजण फायली मांडीवर घेऊन बसले होते. सातवा उमेदवार बसलाच नव्हता. तो समोरच्या प्रयोगशाळेत एप्रन घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. टेबलाच्या खणावर त्याच्या नावाची पट्टीसुद्धा लागली होती.

मुलाखत अकरा मिनिटांत उरकली. विभागप्रमुख तिचा अर्ज बहुधा पहिल्यांदाच वाचत होते.

"लग्न झालंय?"

"माश्यांना त्यानं फरक पडत नाही, सर."

एक सदस्य हसला आणि प्रमुखांकडे बघून खोकला.

ती बाहेर आली तशी एप्रनवाला दबकत जवळ आला. "मॅडम, माझ्या अळ्या खाद्यात बुडून मरतात. तुमच्या नाही मरत?"

तसंच निघून जावं असं तिला वाटलं. पण बाटली बघून राहवलं नाही. "खाद्य पातळ झालंय. घट्टपणासाठी अगरची पूड वाढवा. आणि अभिनंदन."

तो लाजला. "अजून निकाल कुठे लागलाय?"

"तुमच्या खणावर लागलाय की."

त्या दिवसापासून तिनं जाहिराती वाचणं सोडलं. ज्यांचे शोधनिबंध खरंच वाचले होते, अशा पाच प्रयोगशाळांना सरळ पत्रं लिहिली. दूरदेशीच्या एका शास्त्रज्ञ बाईंना तिनं कळवलं, की तुम्ही दिलेल्या तापमानाला तुमच्या निबंधातल्या तिसऱ्या आकृतीसारखा निकाल येत नाही, मी तो प्रयोग चारदा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'छापताना आकडा चुकला. दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलू या?'

पोळलेली असल्यामुळे ती बाईंशी बोललीच, शिवाय त्यांच्याकडचं काम सोडून गेलेल्या दोघींनाही गाठलं. "बाई तापट आहेत," त्यातली एक म्हणाली, "पण दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावत नाहीत." माशीताईला एवढी शिफारस पुष्कळ झाली.

नेमणुकीचं पत्र आलं ते वडिलांनी दोनदा वाचलं. "किती दिवसांची नोकरी?"

"दोन वर्षांची."

"मग?"

"मग पुन्हा अर्ज करायचे."

"मी आठवी नापास," वडील चष्मा पुसत म्हणाले, "पण छापखान्यातून तेहतीस वर्षं मला कुणी हलवलं नाही."

ती हसली आणि बॅग भरायला घेतली.