आंबोणाचं मडकं

आमच्या घरात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक, मी गोष्ट सांगायला बसले की तव्यावरची भाकरी करपते. दुसरी, मला भुताखेतांची भीती वाटत नाही. पहिलीला साक्षीदार पुष्कळ आहेत. दुसरीचं काय ते आज लिहून टाकते. पोरं मोठी झाली. हसली तर हसोत.

साल एकोणीसशे तिसाच्या पुढचं. नाशिकच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा आणि परसात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, चौदा कोंबड्या. त्यांना कोरडा दाणा टाकलेला आत्याबाईंना खपत नसे. बाजरीचा भरडा नि गव्हाचा कोंडा मडक्यात भिजवून तीन दिवस आंबवायचा. गाईला देतात तसं आंबोण, पण कोंबड्यांचं. काढताना तळाशी दोन मुठी शिल्लक ठेवायच्या, त्यांवरच नवा भरडा घालायचा. मडकं घासायचं नाही. "घासलंस तर मरंल ते," असं त्या म्हणत, जसं काही आत कुणी राहतंय. आणि कान लावला तर खरंच आत काहीतरी पुटपुटत असे.

सकाळी आंबोण ढवळलं की त्या लाकडी डाव मडक्याच्या काठावर तीनदा ठोकायच्या. टक, टक, टक. कोंबड्या धावत यायच्या आणि आतून मामंजी, माझे सासरे, ओ द्यायचे, "आलो गं!" कोंबड्यांनी खाल्ल्याशिवाय चहा नाही, हा त्या दोघांचा नेम.

एका हिवाळ्यात आत्याबाई चार दिवसांच्या तापानं गेल्या.

दहाव्याला पुरुषमंडळी गोदावरीवर गेली. सुतक फिटताना घरातली मातीची भांडी बाहेर टाकायची, ही आमच्याकडची रीत. आणि कामसू सून म्हणून मिरवायची हौस मला पहिल्यापासून. चुलीपाशची मडकी फोडून झाली तरी माझे हात शिवशिवत होते. मग परसातलं आंबोणाचं मडकंही उचललं आणि मागच्या निवडुंगाच्या कुंपणापाशी नेऊन आपटलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हुशारी.

दुपारी मालक घाटावरून आले ते भारावलेले. "कावळा शिवंना पिंडाला," ते सांगू लागले. "आबांना सांभाळू म्हणालो, नाय. पोरांचं नीट करू म्हणालो, नाय. शेवटी म्हणालो, आई, तुझ्या कोंबड्या नि तुझं आंबोण जसंच्या तसं चालवू. झालं! झडपच घातली त्यानं."

आबांनी, म्हणजे मामंजींनी, डोळे पुसले. "सूनबाई, आता तुझ्याकडं हाय ते. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द हाय."

मी "हो" म्हणाले आणि हात पदराखाली घेतला. त्याला अजून आंबोणाचा वास येत होता.

मामंजींना मोतीबिंदू होता, तेवढाच मला आधार. मी कुंभाराकडून नवं मडकं आणलं, त्यात भरडा भिजवला, वर गोणपाट टाकलं. तीन दिवसांनी उघडलं तर आंबट नव्हे, कुजका वास. फेकलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा कुजलं. मग कोरडा दाणाच टाकू लागले. कोंबड्या दोन चोची मारायच्या नि जुनं मडकं असायचं त्या रिकाम्या जागेभोवती जाऊन उभ्या राहायच्या. माना तिरक्या करून, चौदाच्या चौदा, काहीतरी ऐकत. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांना येत होतं.

देवळाली कॅम्पात बंगल्यांवर अंडी पोचवणारे चाचा आमच्याकडून अंडी नेत. त्यांनी एक अंडं बोटानं दाबलं, ते पिचलंच. "काय भाभी, सासू गेली म्हणून कोंबड्या रुसल्या का? कागद आहे का कवच?"

"थंडी आहे," मी म्हणाले.

"थंडी तर दरसाल असते."

ओसरीवरून मामंजी रोज विचारायचे, "खाल्लं का त्यांनी?" मी "खाल्लं" म्हणायची. मग चहा घ्यायचे, पण अर्धा ठेवून उठायचे. मला वाटायचं, यांना सगळं कळतंय, आणि ज्यांना शब्द दिला त्यांना तर कधीचंच कळलंय.

एका सकाळी मी चुलीपाशी होते. परसातून आवाज आला. टक. टक. टक.

ओसरीवर मामंजी ताठ बसले. तोंडानं रामनाम आणि हातात केरसुणी (भुताला काय करणार होते तिनं, देव जाणे) अशी मी मागं गेले. कुंपणाखाली कोंबड्यांची गर्दी. फुटक्या मडक्याच्या खापऱ्यांना आतून जुन्या आंबोणाची खरपुडी धरली होती, आणि त्या ती टोचून खात होत्या. चोची खापरावर वाजत होत्या.

मी हसले की रडले आठवत नाही. काटे टोचून घेत एक जाड खापरी ओढून काढली आणि ताज्या भरड्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी कान लावला. पुटपुट!

चौथ्या सकाळी ढवळलं आणि डाव काठावर ठोकला. मुद्दाम नव्हे, हात आपसूकच गेला. तीनदा. कोंबड्या धावल्या.

"आलो गं!"

मामंजी चाचपडत दारात आले. माझ्याकडं पाहत उभे राहिले; मी त्यांना नुसती आकृती दिसत असणार, लुगडं नेसलेली, मडक्यावर वाकलेली. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. तिथंच उंबऱ्यावर बसले.

"खाल्लं का त्यांनी?"

"खाताहेत," मी म्हणाले. त्या महिन्यातलं पहिलं खरं उत्तर.

"मग टाक चहा."

त्या दिवशी त्यांनी कप रिकामा केला. मडक्याचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

मात्र तीनदा ठोकायची हिंमत मला पुन्हा झाली नाही. आजही मी डाव दोनदाच ठोकते. कोंबड्या कितीदा बदलल्या, त्या जुन्यांतली एकही उरली नाही. तरी दोन टक झाल्यावर त्या हलत नाहीत. माना तिरक्या करून क्षणभर थांबतात, आणि मगच धावतात.